शेहेचाळिसावी खोली

माणसाने कोणत्या वयात काय करावे याविषयी आपल्याकडे मोठी शिस्त आहे. आठव्या वर्षी मुंज, पंचविशीत लग्न, अठ्ठावनाव्या वर्षी पेन्शन. आणि त्यानंतर सकाळी टेकडीवर फिरणे, दुपारी वर्तमानपत्रातले शब्दकोडे आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून गुडघ्यांच्या तक्रारींची देवघेव. हा क्रम मी निमूटपणे पाळीत आलो होतो. सदुसष्टाव्या वर्षी मात्र माझे पाऊल वाकडे पडले. मी व्हिडिओ गेम खेळू लागलो.

दोष माझा नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये आमचा नातू दहावीत गेला. आमच्या वेळी पोरगा मॅट्रिकच्या वर्गात गेला की कॅरम आणि पत्त्यांचे जोड माळ्यावर जात. नातवाच्या घरी माळा नाही, म्हणून त्याचे प्ले-स्टेशन नावाचे यंत्र कोथरूडला आमच्या घरी हद्दपार झाले. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्यावर लगेच एक भरतकामाचा रुमाल टाकला. यंत्र सोडून जाताना नातू मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाला, "आजोबा, आठवड्यातून एकदा तरी चालू करा हं. नाहीतर बिघडेल."

हे खोटे होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पण तोपर्यंत बिघडायचे ते बिघडून गेले होते. यंत्र शाबूत होते, मीच बिघडलो होतो.

दिवाळीच्या सुमाराला वर्षाचा हिशेब मांडायची आपली जुनी रीत आहे. कुणी वाचलेल्या पुस्तकांचा मांडतो, कुणी पाहिलेल्या नाटकांचा. मी २०२५ सालच्या खेळांचा मांडतो आहे. त्यातले पाच मला आवडले. का आवडले ते सांगू लागलो की घरातल्याही एकदोन गोष्टी सांगाव्या लागतील. त्याला इलाज नाही. खेळ घरातच खेळला ना!

आधी एका पराभवाची नोंद करून टाकतो. सिल्कसाँग नावाचा एक खेळ त्या वर्षी ४ सप्टेंबरला निघाला. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या मूठभर माणसांनी तो केला. २०१९ साली तो जाहीर झाला होता, तेव्हापासून जगभरची तरुण मंडळी त्याची वाट पाहत होती, आणि निघाला त्या दिवशी तो विकणारी संगणकावरची दुकाने गर्दीने कोलमडली. नायिका म्हणजे एक चिमुकला कीटक, हातात सुई. खेळ देखणा, पण मी त्या बिचारीला पहिल्याच दोन दिवसांत इतक्या वेळा मरणाच्या दारी पोचवले की शेवटी मलाच लाज वाटली. सुई-दोऱ्याची कामे या वयात जमत नाहीत. चष्मा लागतो.

आता पाचांतला पहिला. ब्लू प्रिन्स.

या नावातच एक खोच आहे. भराभर उच्चारले तर ते 'ब्लूप्रिंट' असे ऐकू येते. आणि मी ठरलो आयुष्यभर ब्लूप्रिंट काढणारा माणूस. छत्तीस वर्षे मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. आमच्या वेळी नकाशे अमोनियाच्या वाफेवर निघत, पांढऱ्यावर निळ्या रेघांचे. त्या वासाने डोळ्यांना धार लागे. पण अभिलेखागारात जुने, साहेबाच्या काळचे खरे ब्लूप्रिंट असत, गर्द निळ्यावर पांढऱ्या रेघांचे. जॉन हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञाने १८४२ साली ही युक्ती शोधून काढली. लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात धरायचा आणि मग नुसत्या पाण्याने धुवायचा. जिथे ऊन पोचले ते निळे होते, जिथे रेघेची सावली पडली ते पांढरे राहते. म्हणजे नकाशा उजेडाचा नसतो, सावलीचा असतो. हे मला नोकरीत कधी सुचले नाही. खेळताना सुचले.

खेळाची गोष्ट अशी. एका मुलाला त्याच्या आजोबांच्या भावाचा भलामोठा वाडा वारसाहक्काने मिळतो, पण अट घालून. वाड्यात पंचेचाळीस खोल्या आहेत. मुलाने शेहेचाळिसावी शोधून काढायची, तरच वाडा त्याचा. एवढ्याने भागत नाही. वाडा रोज रात्री मोडतो आणि रोज सकाळी नव्याने उभा राहतो. आपण दाराच्या मुठीला हात घातला की पलीकडच्या खोलीचे तीन नकाशे समोर येतात. त्यातला एक निवडायचा, की ती खोली तिथे तयार. एका रांगेत पाच, अशा नऊ रांगा. पावलेही मोजकीच मिळतात, साधारण पन्नास. ती संपली की दिवस संपला, बाहेरच्या तंबूत जाऊन झोपायचे. दुसऱ्या दिवशी किल्ल्या नाहीत, रत्ने नाहीत, काही नाही. आदल्या दिवसाचे हाती उरते ते बहुतेक करून एकच: आपल्याला काय कळले ते. टोन्डा रॉस नावाच्या गृहस्थाने या वाड्यावर आठ वर्षे घालवली. आमच्या खात्यातल्या इमारतींना याहून जास्त लागलेली आहेत, पण त्या अशा रोज उभ्या राहत नसत.

मी दोनशे पानी वही आणली. टी-स्क्वेअर काढला. कोणत्या खोलीला किती दारे, कोणत्या चित्रात काय खूण, कोणत्या पत्रात कुणाचे नाव, सगळे लिहून काढू लागलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "पेन्शनीत असताना पुन्हा ड्यूटीवर घेतलं वाटतं."

त्या वहीच्या खाली, टेबलाच्या त्याच खणात, एक पत्र पडून होते. मे महिन्यात आलेले. माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे.

वाईला घाटाजवळ आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. त्यावर आम्हा दोघा भावांची नावे आहेत. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वहिनी गेल्यापासून तिथे एकटाच राहतो. २०१८ च्या दिवाळीत मी विषय काढला होता की, वाडा आता पडायला आला, एक बांधकाम व्यावसायिक चांगले पैसे देतो आहे, देऊन टाकू. दादा म्हणाला, "मी मेल्यावर दे." मी म्हणालो, "तोवर वाडा तरी उभा राहायला हवा." त्यात खोटे काही नव्हते, पण खरे बोलायचीही एक वेळ असते, आणि फराळाचे ताट समोर असताना ती नसते. त्यानंतर सात वर्षे आम्ही आप्पांच्या श्राद्धाला भेटलो, नमस्कार केला, जेवलो, पांगलो. आणि मे महिन्यात हे पत्र: "माझी हरकत नाही. कागद तयार कर. सही करतो." तीन वाक्ये. मी जिंकलो होतो. मग पत्राला उत्तर का देववेना, ते मलाच कळत नव्हते.

ब्लू प्रिन्स खेळता खेळता एका रात्री सहज मनात आले, आपल्या वाईच्या वाड्याचा नकाशा काढून पाहावा. पेन्सिल घेतली. दिंडीदरवाजा, ओसरी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर भराभर उतरले. माडीशी हात थांबला. जिन्याच्या तोंडाशी एक दार होते. ते आत उघडत होते की बाहेर? माजघराच्या मागे काय होते? तहसील कचेऱ्या, विश्रामगृहे, पूल, सगळ्यांचे नकाशे मी काढले. ज्या घरात जन्मलो त्याचा एकही काढला नव्हता. आणि आता काढायला बसलो तर दर रात्री तो वेगळाच उभा राहत होता.

दुसरा खेळ छोटा आहे, दोनएक तासांचा. देस्पेलोते. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ धुडगूस, गोंधळ. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची राजधानी कीतो; साल २००१. देश नुकताच मोठ्या आर्थिक पेचातून निघालेला, स्वतःचे चलन सोडून अमेरिकी डॉलर पत्करलेला. आणि अशा वेळी त्याचा फुटबॉलचा संघ पहिल्यांदाच विश्वचषकात पोचण्याच्या बेतात. आपण आठ वर्षांचा हुलियान व्हायचे, आणि करायचे काय? पार्कात चेंडूला लाथा मारायच्या. जिंकायचे काही नाही. आई हातात घड्याळ बांधून देते, अमुक वाजता घरी ये म्हणते; आपल्याला उशीर होतो. चेंडू लोकांच्या अंगावर जातो, लोक ओरडतात. दुकानातल्या टीव्हीपुढे घोळका उभा असतो. रस्ते जुन्या फोटोसारखे एकाच रंगात, खरखरीत. माणसे तेवढी काळ्यापांढऱ्या रेघांनी काढलेली. खेळ करणाऱ्यांपैकी एक जण स्वतःच त्या नावाचा आहे. बालपण त्याचे, आणि शहराचे आवाजही खरोखर कीतोतच टिपलेले.

कीतो मी कधी पाहिले नाही. पण मी ते ओळखले. ते वाई होते आणि साल होते १९७१. मी तेरा वर्षांचा, दादा वीस. वाडेकरांचा संघ ओव्हलला खेळत होता. शेवटचा दिवस नेमका गणेशचतुर्थीचा. घरात गणपती बसलेला, मोदकांचा वास, आणि दादाने कुणाचा तरी ट्रान्झिस्टर मागून आणलेला. तो माडीवर लागत नव्हता, म्हणून दादा तो हातात उंच धरून अंगणभर फिरत होता आणि आम्ही आळीतली दहाबारा पोरे त्याच्यामागून, वरात निघावी तशी. आदल्या दिवशी चंद्रशेखरने अडतीस धावांत सहा बळी घेतले होते. शेवटी विहिरीच्या कठड्यावर एका ठिकाणी आवाज स्वच्छ आला, आणि दादा तिथे हात वर करून जवळजवळ तासभर पुतळ्यासारखा उभा राहिला. आपण चार गडी राखून जिंकलो. मी नाचलो. दादाला हात खाली करता येईना, इतका तो आखडला होता.

सात वर्षांत मला हे एकदाही आठवले नव्हते. चेंडूला लाथ मारली आणि आठवले.

तिसरा खेळ वॉन्डरस्टॉप. हा मी सर्व पेन्शनरांना सुचवीन. आल्टा नावाची एक लढवय्यी, जन्मात कधी न हरलेली. एकदा हरते, पुन्हा हरते. मग आणखी घोटून मेहनत करण्यासाठी गुरूच्या शोधात अरण्यात धावत सुटते आणि मधेच कोसळते. पुढे हातून तलवारच उचलत नाही. तिथे बोरो नावाचा एक गलेलठ्ठ, प्रेमळ माणूस चहाचे दुकान चालवतो. तो सांगतो, बस इथे, चहा कर. झाला खेळ! बिया पेरायच्या, चहाची पाने खुडून वाळवायची, एका अवाढव्य काचेच्या यंत्रात पाणी तापवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा द्यायचा. जमीन झाडून काढली तरी चालते. आणि वाटेल तेव्हा आपलाही एक कप भरून बाकावर बसायचे. आल्टा घोट घेते आणि मनातले बोलू लागते. डेव्ही रेडन नावाच्या माणसाने हा रचला. बाई सारखी विचारते, मी बरी कधी होणार, परत कधी जाणार? आणि बोरो काही घाई करीत नाही.

मी पेन्शनीत येऊन नऊ वर्षे झाली, पण अजून पहाटे पाचला उठून दाढी करतो, जणू कचेरी गाठायची आहे. त्यामुळे बाईंचा त्रागा मला नेमका समजला. घरात मात्र याचा निराळाच परिणाम झाला. एके दिवशी मी त्या दुकानात बसून दोन पाहुण्यांना चहा देत असताना आमच्या स्वयंपाकघरात खरा चहा उतू गेला. "तिथल्या गिऱ्हाइकांना वेळेवर मिळतोय ना, झालं तर!" असे म्हणून सौभाग्यवती बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटे पडद्याकडे पाहत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात केर राहिलाय." पुढच्या आठवड्यात मी बँकेतून लवकर परतलो, तर भरतकामाचा रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला होता आणि दुकान झाडून लख्ख होते. मी काही बोललो नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसावे एवढे कळते.

चौथा खेळ एकट्याला खेळताच येत नाही. स्प्लिट फिक्शन. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या हेझलाइट या मंडळीचा. मिओ आणि झोई या दोन होतकरू लेखिका. एक विज्ञानकथा लिहिणारी, दुसरी परीकथा. एक कंपनी त्यांच्या कल्पना चोरण्यासाठी त्यांना यंत्रात घालते, आणि दोघी एकमेकींच्या गोष्टींत अडकतात. पडदा मधोमध दुभंगलेला. डावीकडे एक, उजवीकडे दुसरी. रविवारी नातू गणिताची वही घेऊन येई, आईला दिसेल अशी टेबलावर उघडून ठेवी, आणि आम्ही दोघे बसत असू. कधी अवकाशयान, कधी राक्षस. एका ठिकाणी तर आजोबा आणि नातू दोघेही चक्क डुकरे झालो. घरात त्याची वाच्यता केली नाही.

या खेळात माझे नातवाशी कडाक्याचे भांडण झाले. एका उडीला मी पाच वेळा पडलो आणि प्रत्येक वेळी म्हणालो की, तू उशिरा खटका दाबतोस. नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, तुम्ही फक्त तुमच्याच अर्ध्या पडद्याकडे बघताय. माझ्या बाजूला बघा ना, मी कुठे लटकलोय ते!" मी पाहिले. पोरगा एका कड्याला लोंबकळत माझी वाट पाहत होता. दोन्ही बाजू पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर होत्या. कुणी काही लपवले नव्हते. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. पडणाऱ्या वाड्याविषयी मी बोललो होतो. त्या वाड्यात रात्री एकटा कोण झोपतो, ते माझ्या अर्ध्या पडद्यात नव्हते.

पाचव्या खेळाचे नाव लांबलचक आहे: क्लेअर ऑब्स्क्युर, एक्स्पिडिशन ३३. दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात साधारण तीसेक जणांच्या चमूने तो केला. त्याचे संगीत देणारा लोरिएँ तेस्तार हा तरुण या खेळापर्यंत अप्रसिद्ध होता. ते संगीत मी यंत्र बंद केल्यावरही ऐकत असे. लुमिएर नावाचे एक शहर, जुन्या पॅरिससारखे, पण वाकलेले, मोडलेले. समुद्रापलीकडे एक प्रचंड शिळा, तिच्यावर एक आकडा झळकणारा. वर्षातून एकदा तिथली चित्रकर्ती जागी होते, जुना आकडा पुसते आणि एकाने कमी असा नवा लिहिते; आणि ज्यांचे वय त्या आकड्याला पोचले आहे ती माणसे धूर आणि पाकळ्या होऊन वाऱ्यावर उडून जातात. गोष्ट सुरू होते तेव्हा ती तेहेतीस लिहिणार आहे. गावात म्हातारे कुणी उरलेलेच नाही. लोक चांगले कपडे घालून धक्क्यावर जमतात आणि निरोप घेतात. दोघे जण, पूर्वी एकमेकांवर प्रेम केलेले, मग काही कारणाने दुरावलेले, अखेरच्या तासाला बरोबर चालत जातात. बोलायचे पुष्कळ असते, थोडेच बोलतात. मग ती चित्रकर्ती हात उचलते.

पुढे लढाया आहेत. शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवावा लागतो. माझा क्षण नेहमी पाव सेकंद उशिरा येतो. आधी गेलेल्या तुकड्यांच्या रोजनिशा वाटेत सापडतात, मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहून ठेवलेल्या. ते सारे छान आहे. पण मी त्या पहिल्या रात्री लढाईपर्यंत पोचलोच नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. धक्क्यावरची माणसे उडून गेली आणि मी यंत्र बंद केले. आप्पा गेले त्र्याहत्तराव्या वर्षी. दादा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. आकडे लिहिणारी ती बाई कल्पनेतली म्हणून काय झाले? आकडा कुठे कल्पनेतला होता!

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी वाईला फोन लावला. पुष्कळ वेळ घंटा वाजली. मग दादाचा आवाज आला, "कोण?"

काय बोलावे ते ठरवलेच नव्हते. मी म्हणालो, "दादा, माडीच्या जिन्याच्या तोंडाशी जे दार होतं ना, ते आत उघडायचं की बाहेर?"

पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटले फोन ठेवला. मग दादा म्हणाला, "बाहेर. आत उघडत असतं तर तू त्या दिवशी पडला असतास का? कपाळावर खूण आहे बघ." आणि थोडे थांबून, "एवढ्यासाठी फोन केलास?"

"हो," मी म्हणालो.

"बरं केलंस," दादा म्हणाला. "दिवाळीला काय करताय?"

२०२५ ची दिवाळी आम्ही वाईला केली. नातवाला अभ्यासातून चार दिवसांची सुट्टी मिळाली. सौभाग्यवतींनी चिवडा, चकल्या आणि अनारसे डब्यात भरून घेतले आणि मी फीतटेप, टी-स्क्वेअर आणि ती दोनशे पानी वही. दादाने दाराशी आकाशकंदील लावून ठेवला होता. सातवारीचा काय नि कागदाचा काय, कोणी विषय काढला नाही. पाडव्याच्या सकाळी मी म्हणालो, वाड्याचा नकाशा काढायचा आहे. दादाने काही विचारले नाही. त्याने टेपचे एक टोक धरले.

दिवसभर आम्ही खोल्या मोजल्या. मी ओसरीची लांबी सांगे आणि दादा तिची हकीकत. इथे आजी जात्यावर बसे. या कोनाड्यात आप्पांची तपकिरीची डबी. या खुंटीला टांगलेली छत्री तू मोडलीस. नातू लिहून घेत होता. त्याने दादाला ब्लू प्रिन्सची सगळी गोष्ट सांगितली. दादाने ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, "मग सापडली का शेहेचाळिसावी?" नातू म्हणाला, "आजोबांना सापडली. पण ते सांगत नाहीत." खेळाडूंमध्ये तसा संकेत आहे, मी इथेही सांगणार नाही.

संध्याकाळी बेरीज करायला बसलो तर हिशेब जुळेना. बाहेरून उत्तरेची बाजू भरली बासष्ट फूट. आतल्या खोल्या आणि भिंतींची जाडी मिळून साडेचोपन्न. पुन्हा मोजले. पुन्हा तेच. छत्तीस वर्षांच्या नोकरीत साडेसात फुटांची चूक मी कधी केली नाही. नातवाचे डोळे चमकू लागले.

दादा झोपाळ्यावरून उठला, माजघराच्या मागच्या भिंतीशी गेला आणि तिच्यावर पालथ्या हाताने टकटक केले. "ही भिंत नाही," तो म्हणाला. "हे बुजवलेलं दार आहे. पलीकडे बाळंतिणीची खोली होती. मागची बाजू ओल धरून फुगली, आढं खचलं, म्हणून आप्पांनी ती बंद केली. तू तीन वर्षांचा असशील. तुझा जन्म तिथला. मी बाहेर, इथे, या उंबऱ्याशी बसलो होतो. आत रडलास तेव्हा पहिल्यांदा मी ऐकलं. मला वाटलं मांजर आहे."

कोणीच काही बोलले नाही. मग सौभाग्यवतींनी ताटातली एक पणती उचलली आणि त्या भिंतीच्या पायाशी नेऊन ठेवली.

वाडा विकायचा की ठेवायचा ते आम्ही त्या दिवाळीत ठरवले नाही. तुळया खरोखरच किडल्या आहेत आणि पैसा आकाशातून पडत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. जे करायचे ते दोघांनी एकत्र बसून करायचे, एवढे ठरले. दादाच्या त्या तीन वाक्यांच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेले नाही. आता त्याची जरूर उरलेली नाही. नातवाची परीक्षा झाल्यावर यंत्र आपल्या मूळ घरी परत गेले. जाताना ते रुमालासकट गेले. "नवा विणीन," असे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि मग, अगदी सहज विचारावे तसे, "तो चहाचा खेळ वेगळा विकत मिळतो का हो?"

नकाशा मी शाईने पक्का करून काढला. खोल्यांना आकडे घातले, एक ते अकरा. माजघरामागच्या त्या कोऱ्या चौकोनात बारा लिहिणार, एवढ्यात नातवाने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिथे शेहेचाळीस लिहिले. असा नकाशा आमच्या खात्यात कुणी मंजूर केला नसता. मी तो आकडा खोडलेला नाही.